नदीच्या पाण्याची प्रकाशपरीक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी ठाण्याहून कर्जत लोकल पकडायची, लगेज डब्यात बर्फाचा खोका ठेवायचा आणि कर्जतपासून कल्याणपर्यंत उल्हास नदीचं पाणी तपकिरी काचेच्या बाटल्यांत भरत परत यायचं, हा आमचा काही वर्षांचा नेम आहे. मी रसायनशास्त्र शिकवते, बरोबर विद्यार्थी असतात. बाटली भरताना कुणी ना कुणी थांबतंच. कपडे धुणाऱ्या मावशी, गळ टाकून बसलेले काका, बंधाऱ्यावर फिरायला आलेली मुलं. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: "पाण्यात काय निघालं?" त्यांचे, विद्यार्थ्यांचे आणि सोसायट्यांच्या ग्रुपवरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

तुम्ही पाण्यात नेमकं काय शोधता?

विरघळलेले सेंद्रिय पदार्थ. चहा गाळल्यावर चोथा गाळणीत राहतो आणि रंग, तुरटपणा, वास कपात उतरतो. नदीतही तसंच होतं. पानं, गाळ, शेवाळ हे सगळं गाळून काढलं तरी त्यांचा अर्क पाण्यात राहतो. प्रयोगशाळेत ही गाळणी ०.४५ मायक्रॉन छिद्रांची असते. तिच्यातून जे पार जातं त्याला 'विरघळलेलं' म्हणायचं, असा संकेत आहे.

या अर्कात अक्षरशः हजारो संयुगं असतात. काही जंगलातल्या कुजलेल्या पानांतून आणि मातीतून येतात, काही शेवाळ आणि जिवाणू तयार करतात, काही आपल्या संडास-मोरीतून येतात आणि काही कारखान्यांतून. त्यातला एकूण कार्बन मोजणारी यंत्रं आहेत. ती 'किती' ते सांगतात. 'कुठून आलं' याचा अंदाज हवा असेल, तर प्रकाशाची मदत घ्यावी लागते.

सेंद्रिय म्हणजे चांगलंच ना?

बाजारातल्या सेंद्रिय भाजीमुळे हा गोंधळ होतो. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगं, मग ती आंब्याच्या पानातली असोत की नाल्यातली. थोडे सेंद्रिय पदार्थ नदीला लागतातच, कारण तिच्यातली सूक्ष्म जीवसृष्टी त्यांच्यावर जगते. पण सहज कुजणारं काही भरमसाट आलं, की जिवाणू ते खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे तोंड वर काढून धापा टाकू लागतात. पहाटे नदीकाठी गेलात तर हे दृश्य दिसू शकतं. रात्रभर प्रकाशसंश्लेषण बंद असल्यामुळे ऑक्सिजन तेव्हा सर्वांत कमी असतो.

नुसता प्रकाश टाकून हे कसं कळतं?

काही रेणू अतिनील प्रकाश शोषून घेतात आणि क्षणार्धात, नॅनोसेकंदांत, त्यातली थोडी ऊर्जा उष्णतेत घालवून उरलेली जास्त तरंगलांबीच्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतात. यालाच फ्लुओरेसन्स म्हणतात. १८४५ साली जॉन हर्शेल यांनी क्विनीन सल्फेटच्या रंगहीन द्रावणात उन्हामुळे उमटणारी निळसर झाक नोंदवली. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी तिचा उलगडा केला आणि फ्लुओराइट या खनिजावरून तिला नाव दिलं. तेच क्विनीन टॉनिक वॉटरमध्ये असतं आणि तेच आजही आमच्या प्रयोगशाळेत यंत्र तपासण्याचं प्रमाण म्हणून वापरतात.

कोणता रेणू कोणता प्रकाश घेईल आणि कोणता परत देईल, हे त्याच्या रचनेवर ठरतं. प्रथिनांमध्ये ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल असतं. ते साधारण २७५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश घेऊन ३४० च्या आसपास परत देतं. कुजलेल्या पानांतून आणि मातीतून आलेले मोठे, गुंतागुंतीचे ह्युमिक पदार्थ ३२० ते ३६० चा प्रकाश घेतात आणि ४२० ते ४६० च्या पट्ट्यात, म्हणजे निळ्या-जांभळ्या रंगात, परत देतात. मैलापाण्यात प्रथिनं आणि जिवाणू भरपूर. जंगलातल्या ओढ्यात ह्युमिक पदार्थ भरपूर. सगळी परीक्षा या एका फरकावर उभी आहे.

एक मर्यादा इथेच सांगते. सगळी संयुगं चमकत नाहीत. साखर पाण्यात कितीही विरघळवा, या यंत्राला ती दिसणार नाही.

यंत्र काढतं तो रंगीत नकाशा कसा वाचायचा?

यंत्र पाण्यावर एकामागून एक तरंगलांब्यांचा प्रकाश टाकतं, समजा २४० पासून ४५० नॅनोमीटरपर्यंत, आणि प्रत्येक वेळी परत आलेला प्रकाश ३०० ते ६०० पर्यंत मोजतं. एका बाजूला टाकलेला प्रकाश, दुसऱ्या बाजूला परत आलेला, आणि उंची म्हणजे चमक किती. ट्रेकला जाताना समोच्च रेषांचा नकाशा पाहता ना, तसाच हा नकाशा. त्यातल्या टेकड्या ओळखायच्या.

या टेकड्यांना पॉला कोबल यांनी १९९६ च्या शोधनिबंधात वापरलेली अक्षरं आजही सगळीकडे चालतात. 'टी' म्हणजे ट्रिप्टोफॅनसारखी, 'बी' म्हणजे टायरोसिनसारखी (२७५ घेऊन साधारण ३०५ देणारी), 'सी' आणि 'ए' म्हणजे ह्युमिक आणि 'एम' म्हणजे मूळ समुद्राच्या पाण्यात दिसलेली, जिवाणूंच्या उलाढालीशी जोडलेली. 'सारखी' हा शब्द मी मुद्दाम वापरते. टेकडी दिसली म्हणून ट्रिप्टोफॅनच आहे असं सिद्ध होत नाही, त्या जागी चमकणारं काहीतरी आहे एवढंच म्हणता येतं.

नकाशावर तिरप्या सरळ भिंतीही दिसतात. त्या पाण्याच्या रेणूंनी आणि सूक्ष्म कणांनी विखुरलेल्या प्रकाशाच्या असतात. नवे विद्यार्थी हमखास त्यांनाच मोठं प्रदूषण समजतात.

उल्हास आणि वालधुनी, दोन्हींच्या पाण्यात काय फरक दिसतो?

उल्हास राजमाचीच्या बाजूच्या सह्याद्रीतून उतरते. पावसाळा सरल्यावर कर्जतच्या वर घेतलेल्या पाण्याचा नकाशा बघण्यासारखा असतो. एक रुंद, सपाट माथ्याची ह्युमिक टेकडी आणि तिच्या शेजारी 'टी'चा जेमतेम उंचवटा. जंगलाचं पाणी असं दिसतं. नेरळ, बदलापूर करत खाली यावं तसा हा उंचवटा वाढत जातो. जिथे नाला मिळतो तिथे एकदम वाढतो, पुढच्या पट्ट्यात थोडा ओसरतो आणि पुढच्या नाल्याशी पुन्हा चढतो.

वालधुनी अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते, शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेल्या शिवमंदिराजवळून जाते आणि अंबरनाथ, उल्हासनगरच्या दाट वस्तीतून कल्याणकडे येते. तिचं पाणी आम्ही पहिल्यांदा यंत्रात ठेवलं, तेव्हा पडद्यावर 'टी'च्या जागी सुळका उभा राहिला आणि बाकी सगळं सपाट झालं. एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, स्केल चुकलंय का?" स्केल बरोबर होतं. सुळका इतका उंच होता की त्याच्या मापात ह्युमिक टेकडी दिसेनाशी झाली होती. तोच नमुना दहापट पातळ करून पुन्हा लावला, तेव्हा टेकडीही दिसली.

म्हणून मी नुसता 'टी'चा आकडा बघत नाही, 'टी' भागिले 'सी' बघते. पावसाच्या पाण्याने सगळंच पातळ झालं तरी हे गुणोत्तर बऱ्याच अंशी टिकतं. ते वर सरकू लागलं की मैलापाण्याचा संशय घ्यायचा आणि काठाने चालत वर जाऊन नाल्याचं तोंड शोधायचं.

बीओडीची चाचणी आहे की! मग हे कशाला?

बीओडी, म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, हवीच. आपल्याकडे ती २७ अंश सेल्सियसला तीन दिवस ठेवून करतात, आणि आंघोळीयोग्य पाण्यासाठी ती लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत असावी असा निकष आहे. ती पाण्याची ऑक्सिजनची भूक थेट मोजते. फ्लुओरेसन्स तसं करत नाही.

पण तीन दिवस म्हणजे तीन दिवस. शनिवारी रात्री नाल्यात काही सोडलं गेलं, तर निकाल येईपर्यंत ते पाणी खाडीत जाऊन दोन भरत्या-ओहोट्या नव्हे, पाच-सहा होऊन गेलेल्या असतात. प्रकाशाची चाचणी काही मिनिटांत होते, रसायनं लागत नाहीत आणि एका दिवसात वीस-तीस बाटल्या तपासता येतात. बीओडीचा खर्च आणि वेळ पाहता एवढ्या ठिकाणी ती करणं कुणालाच परवडत नाही. त्यामुळे क्रम असा लावायचा: आधी प्रकाशाने सगळी नदी चाळायची, जिथे संशय वाटेल तिथलीच बाटली बीओडी, सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) आणि जिवाणूंच्या चाचणीला द्यायची. चाचणी कुठे करायची हे कळणं, हीच या पद्धतीची खरी कमाई आहे असं मला मनापासून वाटतं.

अनेक नद्यांमध्ये 'टी'ची उंची आणि बीओडी बरोबरीने वर-खाली होताना आढळली आहे. मात्र एका नदीचं समीकरण दुसरीला लावू नका. आपल्या नदीचे नमुने दोन्ही पद्धतींनी तपासून आपलं समीकरण आपणच बसवायचं.

यावरून पाणी पिण्यायोग्य आहे का ते कळेल?

नाही. जड धातू, नायट्रेट, बहुतेक कीटकनाशकं यांतलं काहीही या नकाशात दिसत नाही. पिण्याच्या पाण्याची शंका असेल तर आधी जिवाणूंची चाचणी करून घ्या.

नमुना कसा घ्यायचा?

नव्वद टक्के चुका इथे होतात, म्हणून सविस्तर लिहिते.

बाटली तपकिरी काचेची घ्या. प्लॅस्टिकमधून पाण्यात झिरपणारे पदार्थ स्वतःच चमकू शकतात, आणि उजेड लागला तर ह्युमिक पदार्थ झिजतात. बाटली आम्लाने आणि मग शुद्ध पाण्याने धुवा. घरचा साबण अजिबात नको. हे मी अनुभवातून सांगते. एकदा बदलापूरच्या नमुन्यात ४३० नॅनोमीटरजवळ भलतीच ठळक टेकडी आली. दोन आठवडे आम्ही त्या बंधाऱ्याच्या वरचा प्रत्येक नाला पालथा घातला. शेवटी धुऊन ठेवलेल्या कोऱ्या बाटलीत शुद्ध पाणी भरून तपासलं, तर तिथेही तीच टेकडी! घाईत ती बाटली मी कपडे धुण्याच्या पावडरीने धुतली होती. तेव्हापासून दर फेरीत एक बाटली शुद्ध पाण्याची नेतो, तिथे उघडतो, बंद करतो आणि बाकीच्यांसोबत परत आणतो. तिच्यात काही दिसलं तर त्या दिवसाचे सगळे आकडे बाजूला ठेवायचे.

पाणी काठाचं घेऊ नका, प्रवाहातलं घ्या. बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळा, तोंड पाणी येतं त्या बाजूला करून पृष्ठभागाच्या वीतभर खाली भरा आणि हवा न ठेवता झाकण लावा. हाताला सनस्क्रीन, क्रीम किंवा अत्तर नको. सनस्क्रीनचं कामच अतिनील प्रकाश शोषण्याचं आहे, त्यामुळे एक बोट बुडालं तरी नमुना गेला. वेळ, पाण्याचं तापमान, पावसाची स्थिती आणि खाडीजवळ असाल तर भरती की ओहोटी, हे तिथल्या तिथे लिहा. घरी आल्यावर आठवत नाही.

मग बर्फात आणि अंधारात ठेवा, त्याच दिवशी गाळा. काचतंतूंचा फिल्टर भट्टीत ४५० अंशांना काही तास भाजून घेतला तर त्याच्यावरचा सेंद्रिय मळ जळून जातो. पडद्यासारखा फिल्टर असेल तर आधी भरपूर शुद्ध पाणी त्यातून जाऊ द्या. गाळलेलं पाणी ४ अंशांना ठेवून एक-दोन दिवसांत मोजा. फ्रीझरमध्ये गोठवू नका, गोठून वितळताना ह्युमिक पदार्थांचे पुंजके होतात आणि नकाशा बदलतो.

यंत्रातून आलेला आकडा जसाच्या तसा वापरता येतो का?

नाही, त्यावर तीन संस्कार करावे लागतात.

पहिला, शुद्ध पाण्याचा नकाशा वजा करणं. दुसरा, पाण्याने स्वतःच शोषलेल्या प्रकाशाची भरपाई. गडद पाण्यात टाकलेला प्रकाश मध्यापर्यंत पोचतच नाही आणि परत येणारा प्रकाशही वाटेत शोषला जातो, त्यामुळे चमक खऱ्यापेक्षा कमी दिसते. म्हणून त्याच नमुन्याची शोषणता मोजतात आणि दोन्ही तरंगलांब्यांच्या शोषणतांची बेरीज, तिचं निम्मं, आणि दहाचा तो घात, एवढ्याने चमक गुणतात. उदाहरणार्थ, टाकलेल्या प्रकाशाला शोषणता ०.२० आणि परत येणाऱ्याला ०.०५ असेल, तर निम्मी बेरीज ०.१२५ आणि गुणक सुमारे १.३३. यंत्राने ३०० दाखवलं असेल तर खरे ४००. एवढा फरक सोडून कसा चालेल? पाणी फारच गडद असेल तर भरपाईवर विसंबू नका, पातळ करा.

तिसरा, एककात आणणं. प्रत्येक यंत्राचा दिवा वेगळा, दिव्याचं वय वेगळं. त्यामुळे ठाण्यातल्या यंत्राचे ३०० आणि वाशीतल्या यंत्राचे ३०० यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसतो. म्हणून शुद्ध पाण्याचं रामन विकिरण मोजून त्याने भागतात. यालाच रामन एकक म्हणतात.

रामन म्हणजे आपले सी. व्ही. रामन?

तेच. १९२१ साली युरोपहून बोटीने परतताना समुद्राच्या निळ्या रंगाने त्यांना वेड लावलं, आणि बोट मुंबई बंदरात असताना त्यांनी या विषयावर 'नेचर' नियतकालिकाला पत्र लिहिलं. पाण्यातून प्रकाश कसा विखुरतो, हा तो प्रश्न. त्याचा माग काढत १९२८ मध्ये रामन परिणाम हाती आला आणि १९३० मध्ये नोबेल.

आमच्या कामात त्याचा अर्थ असा: ३५० नॅनोमीटरचा प्रकाश शुद्ध पाण्यावर टाकला तर थोडा प्रकाश ३९७ ला परत येतो, कारण पाण्याच्या रेणूचं कंपन त्यातली ठरावीक ऊर्जा ठेवून घेतं. ही उंची पाण्याचीच असल्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत मापदंड म्हणून वापरता येते. पण हाच प्रकाश गैरसोयही करतो. २७५ चा प्रकाश टाकला की पाण्याची रामन रेघ ३०३ ला येते, म्हणजे टायरोसिनच्या 'बी' टेकडीच्या अगदी डोक्यावर. शुद्ध पाणी नीट वजा केलं नाही तर स्वच्छ ओढ्यातही 'प्रथिनं' सापडतात. म्हणून कुणी फक्त 'बी'च्या जोरावर दावा करत असेल तर मी आधी त्यांची वजाबाकी बघायला मागते.

एफआय, एचआयएक्स, बीआयएक्स हे काय असतं?

सगळा नकाशा एका आकड्यात सांगायचे प्रयत्न. एफआय म्हणजे ३७० चा प्रकाश टाकून दोन तरंगलांब्यांच्या चमकेचं गुणोत्तर. मूळ मांडणीत १.४ च्या आसपास म्हणजे माती-पानांतून आलेलं, १.९ च्या आसपास म्हणजे जिवाणू-शेवाळांनी केलेलं. एचआयएक्स जितका मोठा तितके पदार्थ जास्त कुजून मुरलेले. बीआयएक्स जितका मोठा तितके ते ताजे, पाण्यातच तयार झालेले. हे तीनही निर्देशांक प्रामुख्याने तुलनेने निर्मळ पाण्यासाठी बेतलेले आहेत. वालधुनीसारख्या नाल्यात त्यांचे आकडे येतात खरे, पण त्यांचा अर्थ लावताना मी फार जपून असते.

कारखान्यांचं पाणी वेगळं ओळखता येतं का?

कधी कधी. आणि इथे सर्वांत जास्त सांभाळायला हवं. आपला पट्टा अंबरनाथ, डोंबिवली, तळोजा, ठाणे-बेलापूर अशा औद्योगिक वसाहतींचा. नॅफ्थलीनसारखी बेंझीन वलयांची अनेक संयुगं 'टी'च्या अगदी जवळ चमकतात. म्हणजे मैलापाण्याची म्हणून ओळखली जाणारी खूण कारखान्याचीही असू शकते. टेकडीचा माथा ३४० ऐवजी ३२०-३२५ कडे सरकलेला, आकार अरुंद आणि टोकदार, आणि सोबत मैलापाण्याचे जिवाणू मात्र कमी, असं जमून आलं तर मी 'मैलापाणी' हा शब्द वापरत नाही. नमुना पुढे गॅस क्रोमॅटोग्राफीसारख्या, संयुगाचं नाव सांगणाऱ्या चाचणीला जायला हवा.

कापडाचे रंग हा आणखी वेगळा विषय. ते प्रकाश इतका शोषतात की नकाशातला एखादा भाग खोल खड्ड्यासारखा रिकामा होतो. पाणी निळं दिसतंय आणि यंत्र म्हणतंय 'चमक कमी', तर पाणी स्वच्छ झालेलं नसतं.

कपडे धुण्याची पावडर दिसते म्हणालात. ती मोजता येते?

हो, आणि ही खूण फार उपयोगी आहे. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून बऱ्याच पावडरींत ऑप्टिकल ब्राइटनर असतात. ते अतिनील प्रकाश घेऊन निळा देतात. जंगलाच्या ओढ्यात त्यांचं काय काम? ते दिसले म्हणजे मोरीचं पाणी येतंय.

अडचण एवढीच की ते ह्युमिक टेकडीवरच बसतात. वेगळे करायला एक सोपी युक्ती आहे. नमुना मोजा, अतिनील दिव्याखाली पाच-दहा मिनिटं ठेवा, परत मोजा. ब्राइटनर झपाट्याने विझतात, ह्युमिक पदार्थ हळूहळू.

हे शाळेत किंवा घरी करता येईल का? यंत्र तर लाखांचं असतं.

नकाशा काढणारं यंत्र घरी नाही, पण ब्राइटनरचा शोध शाळाही घेऊ शकते. औषधांच्या दुकानातला पांढराशुभ्र कापूस नको, ब्राइटनर न लावलेला कच्चा कापूस हवा. आधी तो ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली अंधारात बघा. चमकत नसेल तरच घ्या. जाळीच्या पिशवीत भरून नाल्यात दगडाला बांधा, चार-पाच दिवसांनी काढा, साध्या पाण्याने हलकेच धुवा, सावलीत वाळवा आणि पुन्हा अंधारात टॉर्च मारा. ब्राइटनर कापसाला चिकटतात. निळसर पांढरी चमक दिसली तर वर कुठेतरी मोरी जोडलेली आहे. तुलनेला एक पिशवी नाल्याच्या वरच्या, निर्मळ भागात बांधायला विसरू नका.

आमच्याकडे सातवीतल्या मुलांनी हे केलं होतं. दोन कापूस शेजारी ठेवले, वर्गातले दिवे बंद केले आणि टॉर्च लावला. त्या अंधारात एक कापूस दिसेना आणि दुसरा चंद्रासारखा. टॉर्चकडे थेट बघायचं नाही आणि नाल्यात उतरताना हातमोजे घालायचे, हे मुलांना आधी बजावा.

खाडीच्या पाण्याला हे लागू होतं?

होतं, पण नदीचे नियम जसेच्या तसे लावू नका. ठाण्याच्या खाडीत भरती-ओहोटीने पाणी मागे-पुढे सरकतं, त्यामुळे ऐरोली पुलाखाली सकाळी भरलेली बाटली आणि दुपारची बाटली दोन वेगळ्या पाण्यांची असते. क्षारता मोजल्याशिवाय खाडीच्या नमुन्याला अर्थ नाही. समुद्राचं पाणी मिसळल्यामुळे किती पातळ झालं ते क्षारतेवरून कळतं. त्या हिशोबापेक्षा जास्त चमक दिसली, तर तिथेच काहीतरी मिसळतंय असं समजायचं.

दुसरी गोष्ट खारफुटीची. तिची पानं चिखलात पडून कुजतात आणि टॅनिनसारखे गडद पदार्थ सोडतात. ओहोटीला कांदळवनातून निथळणारं पाणी फिक्या चहासारखं दिसतं आणि त्याची ह्युमिक टेकडी चांगली उंच असते. ते प्रदूषण नाही, ते त्या जंगलाचं पाणी आहे. २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालेल्या या खाडीत रंगीत पाणी दिसलं की लोक फोटो काढून पाठवतात. दर वेळी मी विचारते, ओहोटी होती का? वास कसा होता?

पावसाळ्यात नमुने घेण्यात अर्थ आहे का?

सर्वांत जास्त अर्थ जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आहे. आठ महिने रस्त्यांवर, गटारांत आणि जंगलाच्या जमिनीवर साचलेलं सगळं एकदम नदीत येतं. त्या दोन-तीन दिवसांत नकाशा तासातासाला बदलतो. जुलैच्या मध्यापर्यंत पाणी गढूळ असतं, पण विरघळलेले पदार्थ बरेच पातळ झालेले असतात. गढूळपणा आणि हे दोन वेगळे आहेत, मातकट पाणी गाळल्यावर कित्येकदा अगदी निर्मळ निघतं. पुराच्या वेळी मात्र काठावर कुणीही जाऊ नये. उल्हास किती वेगाने वाढते हे बदलापूरकरांना सांगायला नको.

जलपर्णीमुळे काही फरक पडतो?

उन्हाळ्यात शहाड, मोहिलीच्या बाजूला उल्हास हिरवीगार होते, तो गालिचा जलपर्णीचा. ती वाढते तेव्हा पाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस ओढून घेते, आणि मरून बुडाल्यावर कुजून सेंद्रिय पदार्थ परत सोडते. त्यामुळे जलपर्णी काढून काठावरच ढीग मारून ठेवला तर त्याचा अर्क निथळून पुन्हा नदीतच उतरतो. ढीग काठापासून लांब न्यायला हवा, हे मी प्रत्येक स्वच्छता मोहिमेत सांगते.

पिण्याच्या पाण्याच्या केंद्रांना याचा काय उपयोग?

मोठा. पाण्यात सेंद्रिय पदार्थ असताना क्लोरीन घातलं की ट्रायहॅलोमिथेन गटातली नको असलेली संयुगं तयार होतात, हे १९७४ पासून माहीत आहे. विशेषतः ह्युमिक भाग त्याला कारणीभूत ठरतो. कच्च्या पाण्याचा नकाशा रोज पाहिला, तर तुरटीची मात्रा वेळेत वाढवून क्लोरीनच्या आधीच हे पदार्थ काढता येतात. नळाच्या पाण्याबद्दल एक सावधगिरी: क्लोरीन रेणूंची चमक मोडतं, त्यामुळे नळाला आलेल्या पाण्याचा नकाशा सपाट दिसला म्हणून पदार्थ गेलेच असं नाही.

नदीत कायमचा सेन्सर बसवला तर?

असे सेन्सर मिळतात. एक-दोन ठरावीक तरंगलांब्यांवर सतत मोजतात, आणि रात्री सोडलेलं पाणी पकडायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. पण आपल्या नद्यांत त्यांची निगा राखणं हेच मोठं काम आहे. आठवड्याभरात काचेवर शेवाळाचा थर बसतो, गढूळ पाण्यात आकडा फसतो, आणि पाणी एक अंशाने तापलं की चमक साधारण एक टक्का घटते. जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत दहा अंशांचा फरक पडला, तर पाणी तेच असून आकडा दहा टक्के खाली. ही दुरुस्ती न करता काढलेला आलेख कुणी दाखवला तर भुलू नका.

तुमचा नकाशा पुरावा म्हणून चालतो का?

कायद्याच्या कामी नाही. १९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायद्याच्या २१ व्या कलमात नमुना कुणी, कशा रीतीने, कुणाला नोटीस देऊन घ्यायचा हे ठरवून दिलेलं आहे, आणि ती रीत पाळलेली नसेल तर निकाल न्यायालयात ग्राह्य धरत नाहीत. आपण काढलेल्या नकाशाचा उपयोग तक्रार नेमकी करण्यासाठी होतो. 'नदी घाण आहे' असं लिहिण्यापेक्षा 'अमुक पुलाच्या खाली, उजव्या काठाला, रात्री दहानंतर, सलग तीन आठवडे' असं लिहिलेल्या अर्जाला उत्तर देणं भाग पडतं.

मला तुमच्याबरोबर यायचं असेल तर?

जरूर या. जुने बूट, टोपी, पेन्सिल (शाईचं पेन ओलं होतं) आणि प्यायचं पाणी आणा. सनस्क्रीन लावायचंच असेल तर बाटल्यांना हात लावू नका, तुम्हाला वहीचं काम देऊ. लगेज डब्यात खोका धरून उभं राहायला एक माणूस नेहमी कमी पडतो. बर्फ आम्ही आणतो.